'काया'चं 'काळा' झालं: पारोळ्याकडच्या एका गायक-गीतकाराचं प्रकरण

जत्रेतला प्रसंग आधी सांगतो, कारण तिथूनच हे सगळं माझ्याकडे आलं. २०२३ चा फेब्रुवारी, खान्देशातल्या पारोळा तालुक्यातलं एक गाव, रात्रीचा प्रोग्राम, आणि स्टेजवर माझा मावसभाऊ गात होता. दोन-तीन गाणी झाल्यावर त्याने त्याचं अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं गाणं घेतलं, जे आधीच्या उन्हाळ्यात गावोगावी वाजलं होतं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक रिक्षात. मुखडा झाला आणि पुढच्या रांगेतला एक पोरगा अहिराणीत ओरडला, "काबर दुसरानं गाणं म्हनी ऱ्हायना भो, तुन्हं म्हण ना!" लोक हसले. भावाने गाणं पूर्ण केलं, पण घरी येताना मोटरसायकलवर एक शब्द बोलला नाही.

गाणं त्यानेच लिहिलेलं, चाल त्यानेच बसवलेली. लोकांनी मात्र ते एका गायिकेच्या आवाजात ऐकलेलं, त्यामुळे लोकांच्या लेखी ते तिचं, आणि हा दुसऱ्याचं गाणं मारून नेणारा कुणीतरी. त्या पोराचा काय दोष, व्हिडिओखाली याचं नावच नव्हतं.

मी जळगावला इन्कमटॅक्स-जीएसटीची कामं करतो, संगीतातला माणूस नाही. पण भाऊ म्हणाला, "दादा, तू कागद वाचतोस ना, मग हा वाच," आणि त्याने मला एक स्टॅम्पपेपर दिला. पुढचं दीड-दोन वर्षं मी त्या कागदाच्या मागे लागलो, आणि आपल्याकडे असे लिहिणारे-गाणारे बरेच आहेत म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. नावं कुणाचीच देत नाही.

आधी माणूस समजून घ्या. तीन एकर कोरडवाहू, कपाशी. बारावीनंतर एका बँड पार्टीत गायक म्हणून लागला, लग्नाच्या वरातीत गाडीवर उभं राहून गायचं, सीझनभर धुळे, नंदुरबार, साक्री, शिरपूर. २०१९ ला स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं. आवाज घोगरा, जाड, शेतातून हाक मारतात तसा. त्या आवाजात कपाशीची, कर्जाची, बापाची गाणी अशी लागतात की माणूस हललाच पाहिजे. पण आमच्याकडची गाण्याची खरी बाजारपेठ बायकांच्या सणांची आहे. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारी माणसं, वैशाखात अखाजी, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई मांडतात, मधे सगळी लग्नसराई, मग श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, त्या रात्री जागरण आणि रोट. वर्षभराचं गाण्याचं कॅलेंडर हे आहे. आणि यातलं अखाजी, कानबाई म्हणजे बाईचा आवाज पाहिजे. घोगऱ्या आवाजात झोक्याचं गाणं कोण ऐकणार.

लिहायचा मात्र तो त्या गाण्यांसाठीच चांगलं. मावशी म्हणजे त्याची माय अखाजीला जी गाणी म्हणायची ती लहानपणापासून त्याच्या कानावर. बाईच्या तोंडचं बोलणं त्याला जमतं, माहेरचा रस्ता, भावाची वाट पाहणं, सासूचा टोमणा, यात तो खोटं लिहीत नाही. म्हणून २०२१ मधे एका शहरातल्या म्युझिक कंपनीने विचारलं की आमच्या गायिकेसाठी अहिराणी गाणी दे, तर त्याला आनंदच झाला. स्वतःला न गाता येणारी गाणी कुणीतरी गाणार होतं. दुसऱ्यासाठी लिहिणं म्हणजे नाइलाज असं बरेच जण समजतात, त्याच्या बाबतीत तसं अजिबात नव्हतं, ती त्याच्या कामाची अर्धी बाजू होती आणि कदाचित जास्त चांगली अर्धी.

वर्षभरात ११ गाणी दिली, गाण्यामागे ४ हजार रुपये. शब्द त्याचे, चाल त्याची, वर स्क्रॅच पण त्याच्याच आवाजात, म्हणजे गायिकेला ऐकून शिकायला नमुना गाऊन द्यायचा. ती हुशार मुलगी, नाशिककडची, अहिराणी तिची घरची बोली नाही, पण त्याच्या स्क्रॅचवरून तिने हरकती, श्वास, शब्द ओढायची पद्धत सगळं उचललं. तुम्ही दोन्ही लागोपाठ ऐकलं तर कळतं की गाणं तिच्या गळ्यातून येतंय पण वळणं त्याची आहेत.

एक जागा मात्र चुकली, आणि ती चूक तिची नव्हती. अहिराणीत ळ चा य होतो हे आपल्याला माहितीये, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, जळगावचं जयगाव. गाण्याच्या एका अंतऱ्यात त्याने ढगाला 'काया' म्हटलं होतं, काळा या अर्थाने, आणि पुढच्या ओळीत मायच्या 'माया'शी यमक जुळवलं होतं. डबिंगला हा हजर नव्हता, कापूस वेचणीचे दिवस. तिथल्या कुणीतरी सांगितलं की काया म्हणजे शरीर, लोकांना कळणार नाही, काळा म्हण. झालं, काळा आणि माया. यमक गेलं, आणि अहिराणी गाण्यात मधेच एक पुस्तकी शब्द खड्यासारखा आला. गाणं तरी चाललं, २०२२ च्या अखाजीला तर जोरात चाललं. भाऊ मात्र आजही तो अंतरा आला की बोलता बोलता थांबतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही वेगळी भाषा म्हणून मोजलीये, १८ लाखांच्या वर बोलणारे लोक, त्यातले बहुतेक अहिराणीवाले, आणि तरी एका शब्दासाठी स्टुडिओत कुणाला फोन करून विचारावंसं वाटलं नाही, हे मला स्वतःला फार लागतं.

आता कागद. ५०० च्या स्टॅम्पवर दीड पान इंग्रजी, मतलब एवढाच की गीत, संगीत, आवाज यातले सर्व हक्क, कायमचे, जगभर, सध्याच्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत कंपनीला दिले, मोबदला मिळाला, पुढे काही मागणार नाही. त्याने सही केलेली. का केली विचारलं तर म्हणाला सगळे करतात, आणि सही केल्याशिवाय पैसे देत नव्हते, तेव्हा बियाण्याचे पैसे भरायचे होते.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पण वाटलं संपलं, हा विकून बसलाय. मग कायदा वाचला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण २०१२ मधे त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती नेमकी अशाच लोकांसाठी आहे. कलम १८ मधे आता असं आहे की साउंड रेकॉर्डिंगमधे वापरलेल्या गीताचा आणि संगीताचा लेखक, त्याने बाकी हक्क दिले तरी, रॉयल्टीतला स्वतःचा समान वाटा सोडूच शकत नाही. तो वाटा फक्त वारसाला देता येतो, नाहीतर वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. याच्या उलट काही लिहून घेतलं असेल तर ते लिहिणंच रद्द. म्हणजे "पुढे काही मागणार नाही" ही ओळ कागदावर आहे पण कायद्यात तिला वजन नाही. हे वाचलं त्या रात्री साडेअकराला मी त्याला फोन केला, झोपेतून उठवून.

दुसरी गोष्ट, नाव. कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्क लेखकाकडेच राहतो. म्हणजे व्हिडिओखाली नाव नाही यावर त्याला कंपनीला जाब विचारता येत होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

मग कंपनीचा जो माणूस फोनवर होता तो म्हणाला, "अहो तो आमच्याकडे कामाला होता, आम्ही पगार देऊन लिहून घेतलं." हे महत्त्वाचं होतं, कारण नोकरीत असताना लिहिलेलं काम, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाचं धरलं जातं. इथे माझा धंदा कामी आला. मी भावाचं २६एएस काढलं, म्हणजे कुणी किती टीडीएस कापला त्याचा आयकर खात्याकडचा उतारा. त्यात कंपनीने त्या वर्षी आयकराच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापलेला दिसत होता, म्हणजे कंपनीने स्वतः सरकारला सांगितलं होतं की हे व्यावसायिक मानधन आहे. पगार असता तर १९२ खाली दाखवला असता. एकट्या टीडीएसवरून मालकी ठरत नाही हे मला कळतं, पण तो उतारा मेलवर पाठवल्यावर नोकरीचा विषय त्यांनी परत काढला नाही. तुम्ही कुणासाठी लिहीत असाल तर मोबदला बँकेतून घ्या आणि आपलं २६एएस वर्षातून एकदा तरी बघा, एवढं माझ्या धंद्यातलं सांगणं आहे.

इथपर्यंत भाऊ तसा थंड होता. "जाऊ दे दादा, पुढचं बघू" असंच चाललेलं. त्याला पेटवलं ते वेगळ्याच गोष्टीने.

२०२३ ची अखाजी झाली. आमच्या मावशीच्या गल्लीतल्या बायकांनी झोक्यावरची गाणी म्हटली, एका सुनेने मोबाइलवर शूट करून टाकलं. आठ दिवसांनी तिला यूट्यूबचा मेल आला की या व्हिडिओत दुसऱ्याचं संगीत आहे. कंपनीचा क्लेम, भावाच्याच गाण्यावरून. झालं असं होतं की त्या गाण्याच्या मुखड्याची चाल त्याने मायच्या तोंडच्या पारंपरिक चालीवरून घेतली होती, आणि अंतरा स्वतःचा केला होता. कंपनीने अख्खं गाणं आपलं म्हणून यूट्यूबच्या सिस्टीममधे चढवलेलं, आणि ती सिस्टीम चाल पण जुळवते. त्या बायका त्यांच्या आज्यांकडून आलेली चाल म्हणत होत्या आणि मशीन म्हणत होतं की ही कंपनीची आहे. ती पोर घाबरली, तिला वाटलं पोलिस येतील. मी समजावलं की हा क्लेम आहे, स्ट्राइक नाही, जाहिरातीचे पैसे आले तर तिकडे जातील एवढंच, चॅनल बंद होत नाही. पण भाऊ मावशीच्या ओट्यावर बसून राहिला. म्हणाला, "ह्या बायांचं मी लिहून दिलं, दादा. माझं नव्हतंच ते द्यायला."

मला हे या प्रकरणातलं सगळ्यात खोल दुखणं वाटतं. आपल्याकडे बायकांनी शेकडो वर्षं गाणी रचली, एकीचंही नाव खाली नाही. बहिणाबाई चौधरींचं नाव राहिलं, ते का, तर त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवलं. त्या १९५१ मधे गेल्या आणि कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मधे. लिहून ठेवणारं कुणी नसतं तर ते पण आज पारंपरिक म्हणून फिरलं असतं. म्हणून जो माणूस लोकांच्या चालीवरून गाणं करतो त्याच्यावर जबाबदारी जास्त आहे, कुठलं माझं आणि कुठलं मायचं हे त्यानेच कागदावर वेगळं करायला पाहिजे, कंपनीला ते करायची गरजच नसते.

आम्ही त्या सुनेकडून यूट्यूबवर डिस्प्यूट, म्हणजे आक्षेप टाकला, पारंपरिक चाल म्हणून. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. सोबत भावाने स्वतः कंपनीला मेल केला की मुखड्याची चाल माझी नाही, पारंपरिक आहे, मी गीतकार-संगीतकार म्हणून लेखी सांगतोय. एका अर्थी त्याने स्वतःच्याच गाण्यातला स्वतःचा वाटा कमी करून घेतला. २२ व्या दिवशी क्लेम निघाला.

त्यानंतर तो कामाला लागला. आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ ची संस्था, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. तिथे तो गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून मेंबर झाला आणि ११ गाण्यांची नोंद केली, त्या एका गाण्यात मुखड्यापुढे पारंपरिक असं लिहून. वेळ लागला, पॅन, बँक, गाण्यांच्या लिंक, नावाच्या स्पेलिंगमधे गोंधळ, दोनदा परत आलं. पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा डीएपी खताच्या दोन गोण्या येतील एवढी रक्कम होती. मावशीने विचारलं, "इतलाच?" तर तो म्हणाला, "इतलाच, पन नाव से वर."

रक्कम एवढी कमी का याचा मी बराच विचार केला. त्याचं गाणं वाजतं कुठे, लग्नात, हळदीत, वरातीत, कानबाईच्या जागरणात. आणि कायद्याच्या कलम ५२ मधे धार्मिक विधी आणि लग्न, वरात, लग्नाशी जोडलेले समारंभ यातलं वाजवणं माफ आहे, तिथे रॉयल्टी लागत नाही. जुलै २०२३ मधे केंद्राच्या खात्याने नोटीस काढून हेच परत स्पष्ट केलं. मला ते योग्यच वाटतं, पोरीच्या लग्नात गाणं लावायला बापाने पावती कशाला फाडायची. पण याचा अर्थ असा की खान्देशी गीतकाराचं गाणं जिथे सगळ्यात जास्त वाजतं नेमकं तिथूनच त्याला काही येत नाही. हिंदीवाल्याला हॉटेल, मॉल, रेडिओ, टीव्ही आहे. आपल्या माणसाला मोबाइलवरचं ऐकणं आणि स्वतःचे प्रोग्राम, दोनच दारं. म्हणून त्याला स्टेजवर ओळख पाहिजे, कारण प्रोग्रामची सुपारी नावावर मिळते, आणि नाव जर गाण्याखाली नसेल तर ११ गाणी हिट होऊन पण सुपारी दुसऱ्याला जाते. जत्रेतल्या त्या पोराचं वाक्य मला तेव्हा नीट समजलं.

नवीन कागद आम्ही मराठीत केला, एका वकील ताईंकडून तपासून घेतला. त्यात गीत, चाल आणि आवाज तीन वेगळ्या ओळी. हक्क कायमचे द्यायचे नाहीत, ५ वर्षांसाठी वापराचा परवाना. (जुन्या कागदात मुदत लिहिलीच नसती तर कायद्याने ५ वर्षंच धरली असती, पण त्यात कायमचे असं स्पष्ट लिहिलेलं.) पहिलं एक वर्ष फक्त त्यांचा गायक गाईल, नंतर भाऊ स्वतःच्या आवाजात करू शकेल. नाव टायटलमधेच. स्क्रॅच आवाज कुठेही वापरायचा नाही. शब्द बदलायचा असेल तर डबिंगच्या आधी फोन. आणि चाल पारंपरिक असेल तर तसं लिहायचं, त्यावर क्लेम लावायचा नाही.

याचा तोटा पण सांगतो. तीन चॅनलवाल्यांनी हा कागद बघून परत फोनच केला नाही, त्यातल्या एकाने दुसऱ्या पोराकडून २ हजारात गाणं लिहून घेतलं. २०२३ च्या दिवाळीपर्यंत त्याला बाहेरचं एकही काम नव्हतं, कपाशीला भाव नव्हता, आणि वहिनी माझ्यावर नाराज, तिचं म्हणणं दादांनी कायदा शिकवला आणि घरातलं येणं थांबलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी गप्प बसलो. डिसेंबरमधे एका चॅनलने कागद मान्य केला, पैसे कमी, पण टायटलमधे नाव.

जुन्या कंपनीने काय केलं, तर चार-पाच मेलनंतर ११ पैकी ७ व्हिडिओंखाली गीत-संगीत म्हणून नाव टाकलं. बाकी ४ अजून तसेच आहेत. वकील ताई म्हणतात नोटीस पाठवू, भाऊ म्हणतो थांबा, माझंही मत थांबू नये असं आहे पण गाणं त्याचं आहे.

या सगळ्यात सर्वात जास्त उपयोग झाला तो कागदाचा नाही हे मला मान्य केलं पाहिजे. त्या गायिकेला हे काही माहीत नव्हतं, तिला वाटायचं नाव टाकणं कंपनीचं काम, टाकलं असेल. भावाने तिला कधी फोन केला नव्हता, संकोच. मीच २०२४ च्या जानेवारीत केला. ती अर्धा मिनिट काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी प्रत्येक प्रोग्राममधे ते गाणं शेवटी घेते हो, आणि एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही." तेव्हापासून ती स्टेजवर गाणं सुरू करायच्या आधी गाव-तालुक्यासकट त्याचं नाव सांगते. त्या उन्हाळ्यात धुळे आणि शिंदखेड्याकडून त्याला प्रोग्रामसाठी जे फोन आले त्यातल्या बऱ्याच लोकांनी नाव तिच्याच तोंडून ऐकलेलं. दोन प्रोग्राम तर दोघांनी मिळून केले, त्यात त्याने कपाशीची त्याची गाणी गायली आणि तिने त्याने लिहिलेली अखाजीची.

लिहिण्याची पद्धत पण बदललीये. पूर्वी गाणं झालं की आधी मागेल त्याला द्यायचा. आता वहीत गाण्याच्या वर लिहितो, हे कुणाच्या गळ्याचं. स्वतःच्या गळ्याचं असेल तर कितीही पैसे येवोत, देत नाही. बापावरचं एक गाणं एका मोठ्या चॅनलने मागितलं होतं, पूर्वीच्या तिप्पट मानधन, नाही म्हणाला, स्वतः गायलं. ते फारसं चाललं नाही. मला विचाराल तर त्याने आजवर केलेलं ते सगळ्यात चांगलं गाणं आहे, आणि बाईच्या आवाजात किंवा गोड आवाजात ते उभंच राहिलं नसतं.

मागच्या महिन्यात नवीन अखाजीच्या गाण्याचं डबिंग होतं धुळ्याला, मी पण गेलो होतो, काचेच्या अलीकडे बसलो. तीच गायिका. अंतऱ्यात परत एकदा ळ चा य होता, 'झोया' होता, झोळा या अर्थाने. स्टुडिओतल्या पोराने माइकवरून विचारलं, "ताई, झोळा ना?" ती म्हणाली, "नाही, झोया," आणि हेडफोन काढून काचेतून भावाकडे बघत विचारलं, "दादा, य थोडा लांबवू का?"